कोहऱ्यातली पानं

काशीला जाऊन मी विश्वनाथाचं दर्शन घेतलं नाही, हे आधीच सांगून टाकते. परत आल्यापासून भेटेल तो तेच विचारतो आणि मी नाही म्हटलं की चेहरा पाडतो. गंगेत बुडीही मारली नाही. जानेवारीत गेले होते आणि थंडी अशी होती की हात स्वेटरच्या बाहीतून काढायलाही मन तयार करावं लागत होतं. माझी काशी म्हणजे भोसले घाटाच्या वरच्या गल्लीतलं एक घर, त्याचं छत, म्हणजे गच्ची, आणि तिथे दुपारी थोडा वेळ येणारं ऊन.

मी गेले होते कॅमेरा घेऊन. पुण्यात ज्या मॅडमच्या हाताखाली मी इतिहासाचं काम करते, त्यांच्या भावाने अमेरिकेहून एक नवीन प्रकारचा कॅमेरा आणला आहे. त्यात फिल्म नसते. फोटो काढला की तो मागच्या छोट्या पडद्यावर लगेच दिसतो आणि आत घातलेल्या फ्लॉपीवर उतरतो. एका फ्लॉपीत मूठभरच फोटो मावतात, म्हणून मॅडमनी मला फ्लॉप्यांचे डबेच्या डबे दिले होते. काम साधं होतं. काशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या एका मराठी ज्योतिषी घराण्याकडे हाताने लिहिलेली जुनी पंचांगं होती. त्या घराण्यातले लोक दरवर्षी स्वतः गणित करून पंचांग लिहायचे आणि कडेच्या मोकळ्या जागेत नदीला पाणी किती चढलं, पाऊस कधी आला, असं काहीबाही टिपून ठेवायचे. गंगेच्या पुरांवर काम करणाऱ्या मॅडमना ती कड हवी होती.

आणि घाई होती. घरातले म्हातारे गृहस्थ आणि त्यांची बायको संक्रांतीनंतर काशी सोडून नागपूरला मुलाकडे कायमचे राहायला जाणार होते. पंचांगं बरोबर न्यायची नाहीत, संक्रांतीला गंगेत सोडायची, असं त्यांचं ठरलं होतं. आमच्याकडे जुनी पुस्तकं रद्दीवाल्याला जातात. काशीत जीर्ण पोथी नदीला देतात. मॅडमनी त्यांना दोन पत्रं लिहून पाहिली, तेव्हा उत्तर आलं की फोटो काढायला हरकत नाही, मुलीला पाठवा, उतरायला आमच्याकडेच येऊ दे.

गल्लीत

रिक्षावाल्याने मला गल्लीच्या तोंडाशी सोडलं. समोरून गाय येत होती, मागून दुधाचे हंडे लावलेली सायकल, आणि धुकं इतकं की दोन्ही जवळ आल्यावरच दिसल्या. मी भिंतीला चिकटून उभी राहिले. कोणाला पत्ता विचारायचा म्हणजे आधी बोलावं लागणार, या विचारानेच माझा बराच वेळ गेला. शेवटी वरच्या खिडकीतून एका बाईने विचारलं, "पुण्याची ना तू? तिथे काय उभी? वर ये, ठंडी लागेल."

त्या काकू. ठेंगण्या, गोऱ्या, नऊवारीवर मुलाचा जुना स्वेटर घातलेल्या. त्यांचं मराठी ऐकून पहिले दोन दिवस मला गंमत वाटत होती. "चाय झाली की मग नहा." "कोहरा छटला की ऊन निघेल, तोवर बैठ." आमच्या घरी मराठीत इंग्रजी मिसळतात तसंच हे, फक्त भाषा दुसरी. तिसऱ्या दिवशी मीही धुक्याला कोहरा म्हणायला लागले होते.

तात्या आत खाटेवर रजई पांघरून बसले होते. ते एका शाळेतून गणिताचे मास्तर म्हणून निवृत्त झालेले. उंच, किडकिडीत, आणि बोलताना समोरच्याच्या थोडं वरती बघायची सवय. मी नमस्कार केला तेव्हा म्हणाले, "कॅमेरा बघू."

मी पिशवीसकट हातात दिला. त्यांनी तो फिरवला, बोटांनी चाचपला आणि मांडीवरून बाजूला ठेवला.

"हे कव्हर चामड्याचं आहे."

"हो."

"मग ते पंचांगांजवळ नाही येणार. पट्टाही काढ."

मी काढला. संध्याकाळपर्यंत काकूंनी जुन्या छापील दुपट्ट्याची एक पिशवी शिवून दिली, आत कापसाचा थर घालून. एवढ्या महागाच्या वस्तूला लाल फुलांची पिशवी. "आता हा घरातला झाला," काकू म्हणाल्या.

छतावर

बनारसच्या थंडीत सूर्य हा पाहुणा आहे. सकाळी घाटावर उतरलं तर पायऱ्या दिसतात, पण पाणी दिसत नाही. शिंदे घाटाच्या बाजूने घंटा ऐकू येते, वल्ह्यांचा आवाज येतो, कोणीतरी खाकरतं, पण माणूस दिसत नाही. दुपार झाली की कोहरा हळूहळू पातळ होतो आणि छतावर फिकट ऊन पडतं. तेवढाच वेळ माझा. खोलीत वीज असेल याची खात्री नव्हती आणि असली तरी पिवळ्या दिव्याखाली जुन्या कागदाचा फोटो चिखलासारखा येत होता.

छताला चारही बाजूंनी आणि वरून लोखंडी जाळी होती. आमच्याकडे असे पिंजरे माकडांसाठी असतात. इथे माकडं बाहेर मोकळी होती आणि आम्ही आत. एक मोठी माकडीण जाळीला पाठ टेकून रोज आमच्याबरोबर ऊन खात बसायची.

पहिल्या दिवशी मी पाटावर काळं कापड घातलं. तात्यांनी लाल फडक्याची गाठ सोडली, वरचं लांबट पान दोन्ही हातांनी उचलून कापडावर ठेवलं आणि एका कोपऱ्यावर अंगठा दाबून धरला, कारण पानं जुनी, वळलेली होती. मी फोटो घेतला. कॅमेरा फ्लॉपीवर लिहिताना घरघरला. मी पुढच्या पानाला हात घातला.

"अगं, थांब. वाचलं कुठे?"

मला कळेना.

"पान उघडलं की वाचायचं असतं. न वाचता पालटायचं नाही. आमच्यात नसतं तसं."

"सगळं?"

"गणित नको, ते आकडे माझ्या डोक्यात आहेत. कडेचं वाच. मोठ्याने."

मोठ्याने मराठी वाचणं म्हणजे काय, हे मला शाळेपासून माहीत आहे. आमच्या शाळेत मराठीचा तास आठवड्यातून जेमतेम असायचा आणि माझी पाळी आली की मी पुस्तक चेहऱ्यासमोर धरायचे. सगळे डोळे आपल्यावर आणि जोडाक्षरं समोर. इथे तर हस्ताक्षर जुनं, शब्द एकमेकांना चिकटलेले. मी एकेक अक्षर लावत वाचलं, "आज गंगा चढली. शिंद्यांचे घाटाच्या पायऱ्या दिसत नाहीत. नावा गल्लीत बांधल्या."

वाचून संपेपर्यंत उन्हाचा पट्टा पाटावरून सरकला होता.

"पुण्यात मराठी वाचायला बंदी आहे काय?" तात्यांनी विचारलं.

"मी इंग्लिश मीडियमची आहे."

"मग इंग्रजीत वाच. मी गणित दोन्हीत शिकवलंय."

"पोरीला कशाला छेडता?" काकू जिन्यातून म्हणाल्या. त्यांच्या हातात वाटी होती. "हे खा आधी. मलइयो आहे, ऊन लागलं की बसून जाईल." मलइयो म्हणजे दुधाचा केशरी फेस, थंडीतच मिळतो. तोंडात घातला की नाहीसा होतो आणि आपण काही खाल्लं का, असा प्रश्न पडतो.

असे दिवस सुरू झाले. कोहरा फाटायची वाट बघायची, ऊन आलं की पान, फोटो, वाचन, पुढचं पान. काही टिपणं पाण्याची असत, काही घरातली. "आंब्यास मोहोर. थंडीचा कडाका फार." "कोजागिरीस ढग. दूध आटवले, चंद्र नाही." "धाकटी आज चालू लागली. उंबऱ्यापर्यंत." हे लिहिणाऱ्याला धाकटी चालल्याचं ग्रहणाइतकंच महत्त्वाचं वाटलं होतं, कारण त्याने ते ग्रहणाशेजारी लिहिलं होतं. तात्या ऐकताना डोळे मिटून घेत. कधीकधी म्हणत, "परत वाच." धाकटीचं त्यांनी तीनदा वाचायला लावलं.

पुण्यात आल्यावर मॅडमच्या कॉम्प्युटरवर फोटो उघडले, तेव्हा दिसलं, जवळजवळ प्रत्येकात डाव्या कोपऱ्यात तात्यांचा अंगठा आहे. मॅडम म्हणाल्या, तो कापून टाक, मजकूर पुरे. मी अजून कापलेला नाही.

एसटीडी बूथ

सगळं छान चाललं होतं, पण काम होत नव्हतं. कपाटात लाल गाठोडी होती आणि दिवसाकाठी पानं होत होती थोडीशीच. संक्रांत समोर दिसत होती. बनारसमध्ये तिला खिचडी म्हणतात आणि गल्लीतल्या दुकानांत तिळाच्या लाडवांचे ढीग लागायला सुरुवात झाली होती. मला त्या ढिगांकडे बघवत नव्हतं.

मी चौकातल्या बूथवरून मॅडमना फोन केला. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "वाचायचं काय आहे त्यात? फोटो आले की आपण इथे निवांत वाचू. सांग त्यांना स्पष्ट. एकदा पाण्यात गेलं की गेलं."

बरोबरच होतं. परतीच्या वाटेवर मी वाक्य तयार केलं. तात्या, आपण आधी फोटो घेऊया, वाचन मागाहून करूया. गल्लीभर ते मनात म्हणत आले. दारात काकू मटार सोलत बसल्या होत्या, त्यांनी विचारलं, "काय गं, ओठ का हालतायत?" आणि वाक्य गेलं.

दुसऱ्या दिवशी ऊन आलं तेव्हा ते पुन्हा आठवलं. पण आधी एका पानाचा फोटो खूपच चांगला आला होता. शाई गडद, अक्षर मोत्यासारखं. मला वाटलं, तात्यांना दाखवावं. इतके दिवस त्यांनी एकदाही पडदा बघायला मागितला नव्हता. मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. "बघा ना, कसं आलंय."

त्यांनी तो डोळ्यांसमोर धरला. मान थोडी तिरपी केली. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वा. अक्षर स्वच्छ उतरलंय. रेघ न् रेघ."

मी कॅमेरा परत घेतला. पडदा काळा होता. बॅटरी संपली होती. माझ्या हातातून त्यांच्या हातात जाताना संपली असावी. त्या काळ्या चौकोनात फक्त वरची जाळी उमटली होती.

तोवरचे सगळे दिवस माझ्या डोक्यात मागे मागे गेले. चामडं बोटांनी ओळखणं. पानाची कड अंगठ्याने चाचपून मग दाबणं. जिन्यात हात भिंतीवरून सरकत ठेवणं. बोलताना माझ्या डोक्याच्या वर बघणं. मी लाजाळू असल्याने लोकांच्या डोळ्यांत बघत नाही. बघितलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

"आज इथपर्यंतच," मी म्हटलं. "बॅटरी चार्ज करावी लागेल."

"हो का?" तात्या म्हणाले. "मघाशी तर चालत होता."

स्वयंपाकघर

काकू निमोना करत होत्या. निमोना म्हणजे ताज्या मटारांची वाटून केलेली आमटी, तिकडची. पण काकू तिला गोडा मसाला घालतात आणि शेजारणी नाकं मुरडतात. मी खाली बसून उरलेल्या शेंगा सोलायला घेतल्या. कशी सुरुवात करावी कळेना, म्हणून नियमापासून केली.

"काकू, पान वाचल्याशिवाय पालटायचं नाही, हा तुमच्यात पहिल्यापासूनचा नियम आहे का?"

काकूंचा हात थांबला. "कुठला नियम?"

मी सांगितलं.

"असं काही नाही आमच्यात. सासरे तर अशी सरासरा पानं पालटायचे, की जसा पत्ते पिसणारा." मग त्या झाऱ्याने कढईची कड खरवडत राहिल्या. "तुला कळलं ना?"

"हो."

"मोतिबिंदू असता तर काढून टाकला असता. काचबिंदू आहे. आता उजेड आणि सावली, एवढंच मालूम पडतं. घरात सगळ्यांना माहीत आहे. बाहेर नाही सांगायचं, असं त्यांनी म्हटलं, तर मीही नाही सांगत. माझे डोळे चांगले आहेत, पण ती जुनी लिखाई मला लागत नाही. सुधीरला तर मराठीच अटकत अटकत वाचता येतं." सुधीर म्हणजे नागपूरचा मुलगा, रेल्वेत आहे. काशीत वाढलेला, हिंदी शाळेत शिकलेला.

मग त्या म्हणाल्या, "तुझं काम राहतंय, मला दिसतं. तू बोल त्यांना, की जल्दी आहे. ते नाराज नाही होणार. मी बोलू?"

मी शेंग सोलली. आतल्या दाण्यांतला सर्वांत धाकटा दाणा काकू नेहमी खाऊन टाकत, तो मी खाल्ला.

"नको," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ऊन नेहमीपेक्षा लवकर आलं. तात्यांनी गाठ सोडली. मी फोटो घेतला आणि वाचलं. आता अडखळत नव्हते असं नाही, पण अडखळले तरी घाबरत नव्हते. एके ठिकाणी होतं, "रमा माहेरची आठवण काढते. वाई फार लांब." तात्या म्हणाले, "रमा म्हणजे माझी पणजी. ती कधी परत गेली नाही वाईला." थोड्या वेळाने विचारलं, "तू वाई पाहिली आहेस?"

"हो. पुण्याहून दोन-अडीच तास."

"कशी आहे?"

मग मी कृष्णाकाठच्या घाटाबद्दल, तिथल्या बसक्या काळ्या दगडाबद्दल सांगितलं. ऊन चाललं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझं बोलणं संपू नये असं ऐकत होतं, आणि ते मराठीत होतं. मी पुढचं पान मागितलं नाही. मॅडमना हे सांगितलेलं नाही. त्या हे वाचतील तेव्हा कळेल.

नाव

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सुधीरदादा आला. बोलका, घाईतला माणूस. त्याने आल्या आल्या खाटा मोजल्या, दोरखंड आणला आणि मला म्हणाला, "हो गया ना आपका?" मी अर्धवट मान हलवली. शेवटचं मोठं गाठोडं उघडलंच नव्हतं. त्या दिवशी कोहरा फाटलाच नाही. छतावर पाट, काळं कापड, लाल फुलांच्या पिशवीतला कॅमेरा आणि मी, सगळे नुसते वाट बघत बसलो. माकडीणही आली नाही.

सकाळी आम्ही चौघं घाटावर उतरलो. काकूंनी सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. खाली पाण्याच्या कडेला बायका भिजलेल्या पदरांनिशी कुडकुडत उभ्या होत्या, तांदूळ-डाळीचं दान चाललं होतं. मल्लाह, म्हणजे नावाडी, ओळखीचा होता. त्याने तात्यांना हात देऊन नावेत बसवलं, सवयीने, पाऊल कुठे टाकायचं ते न सांगता.

घाट लगेच पुसला गेला. चारही बाजूंना पांढरं. मल्लाह म्हणाला, "बाबूजी, और आगे गए तो कुछ दिखाई नहीं देगा."

"चलो, चलो," तात्या म्हणाले. "दिखाई देके क्या करना है."

मधोमध आल्यावर नाव थांबली. सुधीरदादाने गाठोडी एकेक करून तात्यांच्या हाती दिली. प्रत्येकात घाटावरचा एक दगड बांधलेला. तात्या गाठोडं कपाळाला लावत आणि वाकून पाण्यात सोडत. आवाज फारसा होत नव्हता. लाल रंग क्षणभर पाण्याखाली दिसायचा, मग नाही. त्यात धाकटी होती, रमा होती, चंद्र नसलेली कोजागिरी होती. माझ्याकडे त्यांचे फोटो होते, तरी माझा हात दोनदा पुढे गेला आणि दोनदा मी तो बाहीत ओढून घेतला.

शेवटचं गाठोडं आलं. तात्यांनी ते हातात घेतलं, गाठीवरून बोट फिरवलं. वाचून झाल्यावर आपण बांधलेल्या गाठी त्यांना ओळखू येत असाव्यात, ही त्यांतली नव्हती. त्यांनी ते पाण्याकडे नेलं नाही, मांडीवर ठेवलं.

"तात्या, हे पण," सुधीरदादा म्हणाला.

"हे वाचलेलं नाही."

"मग?"

"न वाचलेलं पान पाण्यात नाही सोडत. आमच्यात नसतं तसं."

सुधीरदादा हसला. मग तात्या हसत नाहीत हे बघून थांबला. "मी तर कधी नाही ऐकलं. तिथे दोन खोल्या आहेत, तात्या, कुठे ठेवायचं हे सगळं? आई, असं काही असतं का?"

मल्लाहने वल्हं पाण्याबाहेर धरलं होतं, त्यावरून थेंब पडत होते. मी काकूंकडे बघितलं नाही. नावेच्या फळीकडे बघत राहिले.

काकूंनी तिळगुळाचा डबा बंद केला आणि पदराखाली सारला.

"असतं," त्या म्हणाल्या. "तुझ्या आजोबांपासून आहे."

सुधीरदादाने खांदे उडवले आणि मल्लाहला नाव वळवायला सांगितलं. तात्यांनी गाठोड्यातला दगड सोडवून काढला आणि एकटाच पाण्यात टाकला. मग घाटावरच्या घंटा ऐकू यायला लागल्या तेव्हा त्यांनी तोंड माझ्या बाजूला वळवलं, या वेळी बरोबर माझ्या चेहऱ्याच्या उंचीवर.

"सुधीर, नागपुरात ऊन कसं असतं रे?"

"ऊन?" सुधीरदादा म्हणाला. "ऊनच ऊन आहे तिथे. सकाळपासून शामपर्यंत."